दाताची कॅप : नाव एक, प्रती अनेक

सोने घेताना आपण कॅरेट विचारतो, कापड घेताना पोत पाहतो. मुखात वर्षानुवर्षे राहणाऱ्या कॅपविषयी मात्र 'झिर्कोनियाची बसवा' एवढेच सांगतो. हे नाव एक असले तरी त्याच्या प्रती अनेक आहेत. यिट्रियाचे प्रमाण कमी असलेला झिर्कोनिया अधिक मजबूत, पण काहीसा अपारदर्शक असतो. ते प्रमाण वाढविले की नैसर्गिक दाताची झाक येते, परंतु बळ घटते. म्हणून दाढेसाठी सामान्यतः पहिला, तर दर्शनी दातासाठी दुसरा किंवा लिथियम डायसिलिकेट योजतात.

घडणीचे गणितही सूक्ष्म आहे. झिर्कोनियाचा ठोकळा खडूसारखा मऊ असताना यंत्राने कॅप कोरतात. पुढे सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती जवळपास एक-पंचमांश आकसते. म्हणून ती आधी त्या हिशेबाने मोठी कोरावी लागते. हिशेब चुकला की कड बिघडते. दात आणि कड यांतील फट १२० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे साधारण दोन केसांच्या जाडीपेक्षा, अधिक नसावी, असा मापदंड १९७१ पासून प्रचलित आहे. फट मोठी राहिल्यास सिमेंट झिजते, अन्नकण साचतात आणि उत्तम कॅपखालीही दात किडतो.

यास्तव तीन प्रश्न अवश्य विचारावेत : प्रत कोणती? कड तपासली काय? चावताना कॅप उंच तर लागत नाही? हे सिमेंट लावण्यापूर्वीच विचारावे. तोवर कॅप दुरुस्तीसाठी परत पाठविता येते. नंतर ती बहुधा कापूनच काढावी लागते.