दिवस जाण्याआधीचे संरक्षण

मूल दुभंगलेला ओठ घेऊन जन्मले की ग्रहणात काही चिरल्याचा ठपका आजही आईवर येतो. मरोळची औद्योगिक वसाहत आणि १९७३ पासून शेजारी उभे असलेले सीप्झ येथे कामाला जाणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींच्या घरी ग्रहण कसोशीने पाळले जाते. परंतु त्या दिवसभर ज्या हवेत बसतात, त्या हवेची चौकशी घरीदारी कोणी करीत नाही.

१९४१ साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी गरोदरपणातील रुबेला आणि अर्भकांचा मोतीबिंदू यांचा संबंध दाखविला. थॅलिडोमाइड हे झोपेचे ‘निर्धोक’ औषध १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या बाजारातून मागे घेतले गेले, तोवर हजारो मुलांच्या हातापायांवर त्याचा घाला पडला होता. दोन्ही प्रसंगी घात झाला तो मुख्यतः प्रारंभीच्या आठवड्यांत. ज्या नलिकेतून मेंदू व मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते. पुष्कळ स्त्रियांना तोवर दिवस गेल्याचे ठाऊकही नसते.

कायद्याची दृष्टी मात्र गरोदरपणाच्या अखेरीवर खिळलेली आहे. कष्टाच्या वा फार वेळ उभे राहण्याच्या कामातून सूट १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने दिली, ती अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या सुमारे अडीच महिन्यांपुरती, आणि तीही स्त्रीने मागितली तर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद जवळजवळ जशीच्या तशी उतरली. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली हे स्वागतार्हच. पण शिसे रजेची वाट पाहत नाही. शिसेयुक्त डाख जेथे अजून वापरात आहे, तेथे ते शरीरात शिरते, हाडांत वर्षानुवर्षे साठते, गरोदरपणी तेथून सुटून वारेतून गर्भाकडे जाते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. लग्नापूर्वी सोडलेली नोकरीही अशी पुढच्या पिढीच्या वाट्याला येऊ शकते.

मग अशा कामावर बायका घेऊच नयेत, हा तोडगा सोयीचा खरा (मालकांना तो सुचण्यास वेळ लागत नाही). परंतु शिसे पुरुषाच्या बीजालाही अपाय करते. धूर जागच्या जागी ओढून घेणाऱ्या यंत्रणेवर जो खर्च कारखानदार वाचवितो, तो नाहीसा होत नाही. एखाद्या कामगाराच्या घरी मुलाच्या औषधपाण्यात आणि आईच्या बुडालेल्या मजुरीत तो दिसतो. कोणत्याही ताळेबंदात त्याची नोंद नसते.

ती होण्यासाठी कामगार विमा योजनेच्या दवाखान्यात केसपेपरवर प्रत्येक स्त्रीपुरुषाला एक प्रश्न विचारला जावा: कामावर कोणते द्रव्य हाताळता? आणि तो दिवस जाण्यापूर्वी विचारला जावा.