तहानेचा व्यापार

उन्हाळ्यात वाटसरूसाठी पाणपोई घालणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले. त्याच समाजाने पाणवठ्यावर जातीची भिंत उभी करण्याचे पापही केले. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्या दिवसाने दिलेला धडा एकच होता : पाण्यावर कोणाची मक्तेदारी असू शकत नाही. आज मात्र पाणवठ्यावर दुसरी भिंत उभी राहत आहे, आणि ती पैशाची आहे.

पृथ्वीवरील सुमारे ९७ टक्के पाणी खारे आहे. उरलेल्या गोड पाण्याचा मोठा भाग बर्फाच्या रूपात गोठलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगातील सुमारे २२० कोटी लोक सुरक्षित पेयजलाच्या हमीपासून वंचित होते. जिथे टंचाई, तिथे व्यापारी पोहोचणारच. १९९२ च्या डब्लिन परिषदेत पाण्याला 'आर्थिक वस्तू' मानण्याचे तत्त्व मांडले गेले. डिसेंबर २०२० मध्ये तर अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पाण्याच्या भावावर वायदेबाजार सुरू झाला. धान्य आणि सोन्याच्या पंक्तीला पाणीही जाऊन बसले!

हा विचार प्रत्यक्षात उतरला की काय घडते, हे बोलिव्हियातील कोचाबांबा शहराने अनुभवले. जागतिक बँकेच्या आग्रहाने पाणीपुरवठ्याचे खासगीकरण करण्याचे धोरण त्या देशाने स्वीकारले आणि १९९९ मध्ये या शहराचा पाणीपुरवठा ४० वर्षांच्या कराराने परदेशी भांडवलाच्या कंपनीकडे सोपवला. अनेक घरांची पाणीपट्टी दुपटीहून अधिक झाली. लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरीही कंपनीच्या अधिकाराखाली जाण्याची भीती निर्माण झाली. शेतकरी, कामगार, गृहिणी रस्त्यावर उतरल्या; गोळीबारात एका १७ वर्षांच्या मुलाचा बळी गेला. अखेर एप्रिल २००० मध्ये करार रद्द झाला. कंपनीने नुकसानभरपाईसाठी आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. पण जगभरातून टीका झाल्यावर २००६ मध्ये तो दावा सोडून दिला.

आपल्या देशातही केरळमधील प्लाचीमाडा येथे विहिरींचे पाणी खालावून दूषित झाल्याची तक्रार घेऊन ग्रामस्थ २००२ पासून कोका-कोलाच्या कारखान्यासमोर धरणे धरून बसले. मयिलम्मा या वनवासी महिलेने त्या लढ्याचे नेतृत्व केले. मार्च २००४ मध्ये कारखान्याचे काम थांबले.

परंतु येथे थांबून विजयोत्सव करणे चुकीचे ठरेल. कोचाबांबातून कंपनी गेली, पण शहराच्या दक्षिणेकडील गरीब वस्त्यांत पुढे अनेक वर्षे नळ पोहोचला नाही. तेथील लोक टँकरचे महाग पाणी विकत घेत राहिले. कंपनीला हाकलणे आणि पाणी मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी यंत्रणा ढिली आणि समाज उदासीन असेल, तर एका व्यापाऱ्याच्या जागी दुसरा येतो, इतकेच.

या प्रश्नाचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दिले आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या दुष्काळी गावाने पावसाचे पाणी अडवले, शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास बंदी घातली आणि दरवर्षी उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. तेथे पाण्याला मोल आहे, पण ते नियमाचे आणि संयमाचे, पैशाचे नव्हे.

आपण काय करतो? घराघरांतील समारंभांत आणि सार्वजनिक कार्यक्रमांतही अर्धवट प्यालेल्या बाटल्यांचा ढीग लागतो. वसाहतीची विहीर बुजवून वाहनतळ होतो आणि मग टँकरवाल्याच्या नावाने आपण बोटे मोडतो. पाण्याचा बाजार केवळ कंपन्या मांडत नाहीत. आपली बेपर्वाई त्याला जागा करून देते. येत्या उन्हाळ्यापूर्वी आपल्या वस्तीतील एक विहीर उपसली, छपरावरचे पाणी जमिनीत मुरवले आणि कोपऱ्यावर एक पाणपोई घातली, तर त्या बाजाराला तेवढी तरी जागा कमी पडेल.