वाऱ्याची दिशा आधी, नाश्ता मग

पावसाळ्यात शनिवारी रात्री पुण्यातल्या सायकल ग्रुपांवर उद्याच्या राइडचा निरोप येतो. कुठे जमायचे, किती वाजता निघायचे, मिसळ कुठे खायची, सगळे त्यात असते. पाऊस किती टक्के, हेही कुणीतरी टाकते. वारा कुठून येणार याचा उल्लेख क्वचितच. पावसाने फार तर भिजायला होते. वारा माणसाला पुरता दमवतो आणि हायवेवर जिवावरही बेततो.

या दिवसांत पुण्यावर वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. यवत-भुलेश्वरकडे निघालेला गट सकाळी वारा पाठीवर घेऊन सुसाट जातो. पहाटे वारा मंद असतो. जमीन तापू लागली की वरच्या थरातला वेगवान वारा खाली उतरतो आणि दुपारपर्यंत जोर धरतो. परतीला, पाय भरून आलेले असताना, तोच तोंडावर येतो. जाताना ताशी ३० आणि येताना १५चा वेग पडला, तर ५० किलोमीटरला आधी एक तास चाळीस मिनिटे लागतात आणि नंतर तीन तास वीस मिनिटे. तेवढे पाणी बाटलीत नसते आणि नवख्याच्या अंगात तेवढा दमही उरलेला नसतो. त्याच दिवशी लोणावळ्याची वाट धरली तर पाऊस जास्त लागेल, पण झुंज ताज्या पायांनी सकाळीच उरकेल.

सातारा रस्त्यावरचा धोका वेगळा. दक्षिणेला जाताना हा वारा उजवीकडून येतो, म्हणून आपण नकळत उजवीकडे रेलून सायकल चालवतो. शेजारून कंटेनर गेला की क्षणभर वारा तुटतो आणि पुढचे चाक थेट त्या कंटेनरकडेच ओढले जाते. येताना वारा डावीकडून, म्हणजे वाहनांकडे ढकलणारा. अशा दिवशी तो रस्ता नवख्यांना घेऊन करूच नये.

अंदाज नीट पाहायलाही शिकले पाहिजे. हवामान खात्याचे इशारे जिल्हावार असतात आणि पुणे जिल्ह्यात लोणावळाही येते, बारामतीही. नुसत्या यलो अलर्टवरून आपल्या रस्त्याचे काही कळत नाही. ‘विंडी’सारख्या ॲपवर वाटेतल्या दोन-तीन गावांचा तासातासाचा वारा बघावा आणि सरासरी वेगाइतकेच झोतांच्या वेगाकडे लक्ष द्यावे. अंदाजातला हा वारा मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. शहरात झाडे-इमारती तो अडवतात, म्हणून कात्रज ओलांडेपर्यंत ‘आज वाराच नाही’ असे वाटत राहते.

एप्रिल-मेमध्ये वळवाची भीती असते. त्या काळात निघण्यापूर्वी खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि विजांसाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप बघितल्याशिवाय गट घराबाहेर काढणे हा बेजबाबदारपणा आहे.

राइडच्या निरोपात वाऱ्याची दिशा, झोतांचा वेग आणि मागे फिरण्याची वेळ एवढे तरी आलेच पाहिजे. नोंदणी शुल्क घेणाऱ्या आयोजकांनी तर झोत किती वाढले की राइड रद्द होईल, तो आकडा अर्जातच छापावा आणि रद्द झाल्यास पैसे परत मिळतील हेही त्याच्याच खाली लिहावे.