बागेला माळी हवा, तसा मास्तरही हवा

आरोग्याच्या सदरात आज बागेचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण विद्यापीठाची बाग आणि माणसाचे आरोग्य यांचे नाते फार जुने आहे. इटलीतील पादुआ विद्यापीठात १५४५ साली वनस्पतींची बाग उभी राहिली, ती संध्याकाळी फिरायला जाण्यासाठी नव्हे. त्या काळी औषध म्हणजे झाडपाला आणि मुळ्या. सारख्या दिसणाऱ्या पानांत घोटाळा होई, भेसळही होई आणि चुकीचे मूळ पोटात गेले की रोगी दगावे. वैद्यक शिकणाऱ्या मुलांना खरी वनस्पती कोणती आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणती, हे समोर दाखवता यावे, म्हणून ती बाग लावली गेली. आजही ती त्याच जागी आहे आणि १९९७ पासून जागतिक वारसा म्हणून तिची नोंद आहे.

आता औषधे गोळ्यांच्या पाकिटात मिळतात, मग झाडे ओळखायची गरज काय, असे कोणी म्हणेल. आमच्या भागात अनेक वर्षे दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या साध्या एमबीबीएस डॉक्टरला तसे वाटत नाही.

शेताच्या बांधावर, शाळेच्या कुंपणाला मोगली एरंड असतो. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. मुले खेळता खेळता त्या फोडून खातात आणि थोड्याच वेळात उलट्या-जुलाब सुरू होतात. पिवळ्या फुलांची बिट्टी घरोघरी अंगणात दिसते. तिची बी हृदयाचे ठोके मंदावते, अनियमित करते आणि जीवही घेते. धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्या तर तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो, आणि घरचे लोक ‘बाहेरचे काही लागले’ म्हणून उतारा टाकत बसतात. गुंजेची बी अख्खी गिळली तर बहुधा तशीच बाहेर पडते. चावून खाल्ली तर मात्र घातक ठरते. या चारही विषांचे उपचार वेगवेगळे आहेत. पण घाबरलेले आईबाप ‘डॉक्टरसाहेब, कसल्या तरी बिया खाल्ल्या’ एवढेच सांगू शकतात. दोष त्यांचा नाही. झाडाचे नाव त्यांना कोणी शिकवलेलेच नसते.

दुसरे उदाहरण गुळवेलीचे. कोरोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. त्या रुग्णांनी घेतलेली वेल नेमकी कोणती हे तपासलेले नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी तिच्याच कुळातील दुसरी वेल असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर गाठीगाठींसारखे उंचवटे असतात, असेही पुढे सांगण्यात आले. २०२२ मध्ये देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती दिली आणि त्या वेळी वनस्पतीच्या नमुन्याचीही तपासणी केली. हा वाद मी इथे सोडवणार नाही. वैद्यमंडळींविषयी मला आदर आहे आणि माझ्या रुग्णांना मी एवढेच सांगतो की, कावीळ किंवा लिव्हरचा आजार असेल तर स्वतःच्या मनाने काढा घेऊ नका. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. देशातले डॉक्टर आणि मंत्रालय भांडत होते ते मुख्यतः एकाच प्रश्नावर : वेल कोणती? हा प्रश्न काढा पिण्याआधी विचारता यावा अशी जागा प्रत्येक जिल्ह्यात नको का?

ती जागा म्हणजे विद्यापीठाची बाग. पण कशी बाग? हिरवळ, कारंजे आणि फोटो काढायची कमान, एवढ्यावर काम भागत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची वनस्पती-बाग पाहा. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तिला ‘लीड बोटॅनिकल गार्डन’ म्हणून मदत दिली. सह्याद्रीत कंदीलपुष्पाचे वेल आढळतात. फुले कंदिलाच्या आकाराची आणि खाली कंद. कंद खाण्याजोगे असल्याने खणून काढले जातात, त्यामुळे त्यांच्या काही जाती दुर्मिळ झाल्या. डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जाती शोधल्या, बागेत वाढवल्या आणि रोपे पुन्हा डोंगरात नेऊन लावली. बाग आहे, तिच्यामागे संशोधन आहे आणि संशोधनामागे ध्यास घेतलेला माणूस आहे, म्हणून हे झाले.

मराठवाड्यात विद्वत्तेची वाण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील प्रा. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ मध्ये आला. आपल्या भागात कोणती झाडे उगवतात याची शास्त्रीय नोंद त्यात आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगे शेतकऱ्यांना पुरवले. या गवताने अंगाला खाज सुटलेले, कातडी काळी-जाड झालेले शेतकरी आणि शेतमजूर आम्हा डॉक्टरांना चांगले माहीत आहेत. मी लिहून दिलेले मलम काही दिवस आराम देते. गवतच कमी झाले तर दुखण्याचे मूळ जाते. विद्यापीठातले ज्ञान बांधावर पोचले की त्याचा आरोग्याला असा फायदा होतो.

उणीव आहे ती ज्ञान आणि माणूस यांची गाठ घालून देणाऱ्याची. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. विष्णुपुरीला मोठा परिसर आहे, लातूरला उपपरिसर आहे. माझी सूचना अशी की, या दोन्ही ठिकाणच्या झाडांसाठी एक जबाबदार शिक्षक नेमावा. वर्गातले तास सांभाळून उरल्या वेळात बाग बघणारा नव्हे, तर लोकांना शिकवणे आणि बागेत संशोधन करणे हेच ज्याचे काम, असा माणूस.

त्याने काय करावे? प्रत्येक झाडाला मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि ‘विषारी’ किंवा ‘औषधी’ असा शेरा असलेली पाटी लावावी. आठवड्यातून एक दिवस ठरवून लोकांनी आणलेल्या फांद्या ओळखून द्याव्यात. शाळांच्या सहली बोलवाव्यात. आशा ताई, अंगणवाडी सेविका आणि ग्रामीण भागातल्या शिक्षकांना विषारी झाडे दाखवावीत. सरकारी रुग्णालयाला आणि आमच्यासारख्या डॉक्टरांना रात्रीअपरात्री फोन करून विचारता यावे, अशी सोय ठेवावी. हल्ली फांदीचा फोटो मोबाइलवर क्षणात जातो. तो पाहून सांगणारा जाणकार मात्र हवा. मोबाइलमधले झाड ओळखणारे ॲप कधी बरोबर सांगते, कधी चुकते. त्याच्या भरवशावर लेकराचा जीव टांगता येत नाही.

संशोधनाचे कामही पडून आहे. किनवट-माहूरच्या जंगलात राहणारे गोंड, कोलाम बांधव आणि तिथले जाणते वैदू यांना कितीतरी वनस्पतींचे गुण ठाऊक आहेत. ती म्हातारी माणसे गेली की माहितीही जाईल. वनस्पतीचा नमुना वाळवून, जपून ठेवून, सांगणाऱ्याच्या संमतीने आणि त्याच्या नावानिशी ही नोंद झाली पाहिजे. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही करण्याची तरतूदही आहे. त्या नोंदवह्या नुसत्या कागदावर न राहता त्यांतली झाडे एका बागेत वाढली, तर पुढच्या पिढीला डोळ्यांनी पाहता येतील.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला पैशाचा. एका शिक्षकाचा पगार, पाट्या, थोडे पाणी आणि दोन माळी यांना लागेल तो खर्च विद्यापीठाच्या एका नव्या इमारतीपुढे किरकोळ ठरेल. दुसरा पाण्याचा. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बाग कसली, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ही बाग हिरवळीची नको. आपल्या मातीतली, उन्हाळा काढणारी झाडे लावावीत : कडुनिंब, बेहडा, अडुळसा, निर्गुडी, बाभूळ. कमी पाण्यात काय जगते हेही लोकांना तिथेच शिकता येईल.

बाग होईल तेव्हा होईल. तोपर्यंत घरात एवढे पाळा :

१. मुलाने अनोळखी बी, फळ किंवा पान खाल्ले तर लक्षणांची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

२. मीठपाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका.

३. त्या झाडाची पानाफुलांसकट फांदी आणि उरलेल्या बिया पिशवीत घालून सोबत आणा.

४. कोणी ‘औषधी’ म्हणून वेल किंवा मूळ दिले तर जाणकाराला दाखवल्याशिवाय काढा करू नका. काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

५. अंगणातल्या प्रत्येक झाडाचे नाव मुलांना सांगा. स्वतःला माहीत नसेल तर विचारून घ्या.

विद्यापीठाच्या अधिसभेवर आपल्या भागातली माणसे निवडून जातात. ती भेटली की रस्त्याच्या आणि परीक्षेच्या तक्रारीबरोबर हाही प्रश्न जरूर विचारा : आमच्या विद्यापीठाच्या बागेत झाडाचे नाव सांगायला कोण बसतो?