परंपरेला जुलाब होत नाहीत

सहलीला निघालेला मराठी माणूस तीन गोष्टींवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. गाइडने सांगितलेला इतिहास, घाटात ड्रायव्हरचा ब्रेक आणि ‘पारंपरिक’ अशी पाटी. पहिल्याने पोट बिघडत नाही, दुसऱ्याला देव असतो. माझं भांडण आहे ते तिसरीशी.

आमचे एक शेजारी घरी फ्रिजमधल्या कालच्या आमटीचा तीनदा वास घेतात. तेच गृहस्थ सिंहगडावर मडक्यातलं दही असं ओरपतात की बघत राहावं. म्हटलं, “मडकं धुतलंय का पाहिलंत?” तर म्हणाले, “अहो, शिवकाळापासून चालत आलंय!” दही की मडकं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

परंपरेवर माझा राग नाही. आपल्या आज्या फार हुशार होत्या. पिठलं रटरट उकळलेलं, भाकरी तव्यावरून थेट ताटात, कंदी पेढ्याचा खवा तपकिरी होईतो भाजलेला आणि चिक्कीत पाणी इतकं कमी की जंतूला डुंबायलाही जागा नाही. पाच ते साठ अंशांच्या मधलं ऊन-कोमट जंतूंना फार मानवतं, असं शास्त्र सांगतं. आजीला आकडा ठाऊक नव्हता, पण ‘गरम आहे तोवर बसा’ हा तिचा हट्ट साठाच्या वरचाच होता.

बिघडलंय ते परंपरेच्या आजूबाजूचं. सकाळी वाटलेली चटणी चारपर्यंत उन्हात. ताटल्या एकाच बादलीत बुचकळलेल्या. ताकात बर्फ. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळा करायचा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ साली झाला. पण पांढऱ्या बर्फाचं पाणी कुठलं, हे कोण विचारतो? २०१८च्याच पॅकिंगच्या नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला बंदी केली. तरी भजी अजून अग्रलेखातच येतात. अग्रलेख नुसता वाचूनही पचत नाही, तो शाईसकट कसा पचावा? सुट्या मिठाईपुढे कधीपर्यंत खावी ते लिहा, असा आदेश ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला होता. विचारलं तर उत्तर येतं, “ताजंच आहे साहेब!” ‘ताजं’ ही काय तारीख झाली?

खरी गोम निराळीच आहे. गावातल्या खाणावळीत कुणाचं पोट बिघडलं तर सकाळपर्यंत मालकाच्या दारात बोंब होते. पर्यटकाचं पोट मात्र घरी पोचल्यावर दुखतं. आजारी पडतं ते चार वर्षांचं पोर पुण्याला किंवा ठाण्याला, आणि गडावरच्या मावशींना पत्ताही नसतो. त्या दुसऱ्या दिवशी त्याच बादलीत ताटल्या बुचकळतात. यात त्यांचा लबाडपणा नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

कुणी म्हणेल, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. कबूल! पण खालून हंड्याने पाणी चढवणारी बाई प्रत्येक ताटली वाहत्या पाण्यात धुणार कशी? तिला व्याख्यान नको, नळ हवा. आपल्याकडे पर्यटनाचा ‘विकास’ म्हणजे आधी कमान, मग सेल्फी पॉइंट. एका कमानीच्या पैशात किती नळ बसतील, हा हिशेब एखाद्या उद्घाटनाच्या भाषणात ऐकायची माझी फार इच्छा आहे.

तोवर विचारत जा. पाणी कुठलं, चटणी कधीची, हात धुतले का. मावशी रागावल्या तर रागावू देत. आणि ‘आमच्या लहानपणी कुणाला काही होत नसे’ असं कुणी म्हणालंच, तर नम्रपणे सांगा, ज्यांना झालं ते सांगायला उरले नाहीत.