तोटा कोणाचा, भरपाई कोणाची?





‘गोऱ्या साहेबांचा खरा पगार’ या पत्राच्या लेखकांनी 1890च्या दशकातला पगार त्या वेळच्या दराने पौंडांत बदलून साहेबांचे उत्पन्न तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटल्याचे दाखवले आहे. हे गणित अपुरे आहे. रुपया 2 शिलिंगांवरून घसरला हे खरे, पण बंगला, नोकरचाकर, घोडे यांचा खर्च रुपयांतच होता. झळ लागली ती विलायतेला धाडलेल्या पैशाला.

त्यावरही 1893 साली सरकारने विनिमय-भरपाई भत्ता दिला. निम्मा पगार, वर्षाला 1,000 पौंडांच्या मर्यादेत, 1 शिलिंग 6 पेन्स दराने धरायचा आणि फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून द्यायचा! महिना 2,000 रुपये पगार आणि बाजारभाव 1 शिलिंग 3 पेन्स घेऊन पाहा. निम्म्या पगाराचे, 12,000 रुपयांचे, 900 पौंड होतात. बाजारात त्या पौंडांना 14,400 रुपये पडतात. म्हणजे वर्षाला 2,400 रुपये जादा. पैसे विलायतेला पाठवलेच पाहिजेत अशी अटही नव्हती. हिंदी अधिकाऱ्याला हा भत्ता नव्हता.

पेन्शनचा तर पत्रात उल्लेखच नाही. सनदी अधिकाऱ्याचे 1,000 पौंडांचे वर्षासन 2 शिलिंग दराने 10,000 रुपयांचे होते, ते 1 शिलिंग 3 पेन्स दराने 16,000चे झाले. हा बोजा साहेबावर नव्हे, इथल्या करदात्यावर पडला. रुपया घसरत असतानाच, 1888 साली, याच करदात्याच्या मिठावरचा कर मणामागे 2 रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. लेखकांनी आपल्या कोष्टकात भत्ता आणि पेन्शन हे दोन रकाने घालून बेरीज पुन्हा करावी.

– एक वाचक, सातारा