नाही म्हणता येणं

‘माझं आयुष्य, माझी मर्जी’ हे आपल्या पिढीचं लाडकं वाक्य आहे. नोकरी कुठली करायची, लग्न कधी करायचं, कुणाशी करायचं, करायचं की नाही, रविवारी किती वाजता उठायचं, सगळं आम्ही ठरवणार. वाक्य चांगलंच आहे, माझा त्याला काही विरोध नाही. पण गेले काही दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय. मर्जी आपली आहे हे मान्य, पण ती चालवायची वेळ येते तेव्हा आपण नक्की किती स्वतंत्र असतो?

कायद्याच्या बाजूने बघितलं तर आपलं नशीब बरं आहे. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटी कायद्यातलं ६६-अ कलम रद्द केलं. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका साध्या पोस्टवरून अटक झाली होती, त्या प्रकरणानंतर हा विषय कोर्टात गेला होता. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये दोन सज्ञान माणसांचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून बाहेर निघाले. म्हणजे कागदावर आपण आपल्या आजोबांपेक्षा बऱ्यापैकी मोकळे आहोत.

आता कागद बाजूला ठेवू आणि ऑफिसात येऊ. आमच्या धंद्यातली एक जुनी खोड आहे. नवीन प्रोजेक्ट मिळवायचं असतं, क्लायंटला पाच वर्षं अनुभव असलेला माणूस हवा असतो आणि हाताशी असतो दोन वर्षंवाला. मग कुणीतरी हळूच येऊन सांगतं, ‘अरे, रेझ्युमे जरा ॲडजस्ट कर ना.’ या क्षणी त्या पोराला ‘नाही’ म्हणायचा पूर्ण हक्क आहे. जगातला कुठलाही कायदा त्याला खोटं लिहायची सक्ती करत नाही. तरी तो लिहितो. का लिहितो? तो लबाड आहे म्हणून? बहुतेक वेळा नाही. तो मनातल्या मनात हप्त्याची तारीख मोजत असतो.

हप्त्याचं गणित एकदा करूनच बघा. ६० लाखांचं गृहकर्ज, २० वर्षं मुदत, साडेआठ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता येतो साधारण ५२ हजार. त्यातल्या पहिल्या हप्त्यात ४२,५०० रुपये नुसतं व्याज असतं, मुद्दलातले फिटतात जेमतेम साडेनऊ हजार. दर तोच राहिला तर वीस वर्षांत बँकेला जवळजवळ सव्वा कोटी जातात. घर घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. आईवडील म्हणतात तसं ‘भाडं भरण्यापेक्षा हप्ता बरा’ यातही तथ्य असेल. माझं म्हणणं एवढंच की घराची किंमत रुपयांत मोजतो तशी ती ‘नाही’मध्येही मोजायला हवी. त्या वीस वर्षांत किती वेळा आपल्याला ‘नाही’ म्हणावंसं वाटेल आणि म्हणता येणार नाही, हा आकडा कुठल्याच ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये येत नाही. ज्या पोराच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च पडून आहे तो शांतपणे म्हणू शकतो, ‘नाही सर, मी दोनच वर्षं लिहिणार.’ फार तर काय होईल? प्रोजेक्ट मिळणार नाही, बेंचवर बसेन, दुसरी नोकरी शोधेन. ज्याच्या खात्यात महिनाअखेरीला तीन आकडी रक्कम असते, त्याच्याकडे तेच मूलभूत अधिकार आहेत, तीच राज्यघटना आहे, पण त्याचा आवाज फुटत नाही.

म्हणून मला तरी वाटतं की रोजच्या आयुष्यात स्वातंत्र्य म्हणजे नाही म्हणता येणं. आणि ते येण्यासाठी लागणारी ताकद अत्यंत कंटाळवाण्या गोष्टींतून येते. बँकेतली शिल्लक, स्वयंपाक, कपडे, भाड्याच्या कराराची प्रत, असल्या गोष्टी. यावर कुणी कविता करत नाही.

आमच्या इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर स्वातंत्र्याचा सगळा अभ्यासक्रम म्हणजे ‘फाउंटनहेड’ची एक पार खिळखिळी झालेली प्रत. दर वर्षी चारपाच जण ती वाचायचे आणि महिनाभर हॉवर्ड रोर्क होऊन फिरायचे. रात्री दोन वाजेपर्यंत व्यक्तिस्वातंत्र्यावर चर्चा, आणि दर पंधरा दिवसांनी मळक्या कपड्यांची बॅग घेऊन रोर्कसाहेब आईकडे :) गंमत अशी की रँडबाईंनी खुद्द पुस्तकात उत्तर लिहून ठेवलंय. रोर्क तडजोड करायला नकार देतो, काम बंद पडतं, तेव्हा तो ग्रॅनाइटच्या खाणीत जाऊन दगड फोडतो. दगड फोडता येतात म्हणूनच त्याला नकार देता येतो. आम्ही त्याचं कोर्टातलं भाषण लक्षात ठेवलं, खाण विसरलो.

आता कुणी म्हणेल, म्हणजे काय सगळंच स्वतः करायचं? पोळ्या लाटायच्या, नळ दुरुस्त करायचा, शर्ट शिवायचा? नाही हो. आमच्या धंद्याला हा प्रश्न चांगला ठाऊक आहे, त्याला आम्ही डिपेन्डन्सी म्हणतो. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम त्याच्या लेखकाने चिडून एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. त्यात होत्या सगळ्या मिळून ११ ओळी. काम काय, तर अक्षरांच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा भरणं. कुठल्याही फर्स्ट इयरच्या पोराने दहा मिनिटांत लिहावा असा. पण हजारो प्रोजेक्ट थेट किंवा आडून त्याच्यावर उभे होते, आणि त्या दिवशी जगभरची बिल्ड धडाधड कोसळली. शेवटी एनपीएमने तो प्रोग्रॅम पुन्हा जागेवर ठेवला तेव्हा गाडी सुरू झाली.

यातून कुणी असा धडा घेतला नाही की इथून पुढे दुसऱ्याचा कोड वापरायचाच नाही. तसं केलं तर एक वेबपेज बनवायला जन्म जाईल. धडा होता तो हा की आपण कशाकशावर अवलंबून आहोत त्याची यादी आपल्याकडे हवी, आणि त्यातली एखादी गोष्ट उद्या गायब झाली तर निदान चार दिवस निभावता यायला हवं.

चार वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, हाच प्रयोग अख्ख्या देशावर झाला. २२ तारखेला जनता कर्फ्यू आणि २५ पासून लॉकडाऊन. कामवाल्या मावशी येईनात, डबा बंद, मेस बंद, इस्त्रीवाला गावाला. मोठमोठ्या सिस्टिम्सचं आर्किटेक्चर रेखाटणारी माणसं कुकरच्या किती शिट्ट्या म्हणजे भात, हे आईला व्हिडिओ कॉलवर विचारत होती. ११ ओळींचं काम, पण कुणालाच लिहिता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते निवांत होते.

आणि इथे जरा अडचणीचा मुद्दा येतो. २०१९ मध्ये सरकारने देशभर एक पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची. सहा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २६.१ टक्के पुरुष दिवसभरात घरचं बिनपगारी काम करत होते. बायकांमध्ये हा आकडा ८१.२ टक्के. जे पुरुष करत होते त्यांचा त्यात सरासरी वेळ जायचा ९७ मिनिटं, बायकांचा २९९ मिनिटं. म्हणजे रोजचे जवळपास पाच तास! आपण ‘स्वावलंबी’ पुरुष ज्याला आपलं मोकळं आयुष्य म्हणतो, त्याच्या खाली कुणाचे तरी हे पाच तास असतात. त्या बाईला ‘आज माझी मर्जी नाही’ असं म्हणून बघू दे. घरात काय होईल ते आपल्याला माहीत आहे.

उलट बाजूनेही बघा. साठीला आलेले कितीतरी काका मी पाहिलेत. ऑफिसात दोनशे माणसं हाताखाली होती, पण काकू चार दिवस माहेरी गेल्या की चहाची पावडर कुठल्या डब्यात असते ते सापडत नाही. यांना स्वतंत्र म्हणायचं? मला तर ते बंदिवान वाटतात. काकूंवर रुबाब करतात, पण काकूंशिवाय एक सकाळ काढू शकत नाहीत. तेव्हा मुलांना स्वयंपाक शिकवा म्हणतात तो निव्वळ बायकांवर उपकार म्हणून नाही. ज्याला आपलं ताट आपण वाढून घेता येतं त्याला ताटासाठी कुणापुढे मान तुकवावी लागत नाही, आणि कुणावर ओरडावंही लागत नाही.

स्वावलंबन म्हटलं की थोरोचं नाव घ्यायची पद्धत आहे. हा अमेरिकन गृहस्थ ४ जुलै १८४५ ला वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहायला गेला आणि दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहिला. झोपडीचा खर्च त्याने पै-पैसकट लिहून ठेवलाय, २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. पण ती जमीन होती त्याचा मित्र इमर्सन याची, म्हणजे ज्याने १८४१ मध्ये ‘सेल्फ-रिलायन्स’ नावाचा प्रसिद्ध निबंध लिहिला त्याचीच. स्वावलंबनाची दोन्ही दैवतं एकमेकांच्या आधाराने उभी होती! थोरोची यावरून बरीच टिंगल होते. मला त्यात टिंगल करण्यासारखं काही वाटत नाही. १८४६ मध्ये त्याने गुलामगिरी पाठीशी घालणाऱ्या सरकारला कर द्यायला नकार दिला आणि एक रात्र तुरुंगात काढली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी परस्पर त्याचा कर भरला म्हणून सुटला. नकार देताना त्याच्याकडे गमावण्यासारखं फारसं नव्हतं, कारण त्याने गरजाच कमी ठेवल्या होत्या. मित्राची जमीन त्याने घेतली, पण त्या मित्राने त्याची जीभ विकत घेतली नव्हती. आधार आणि ताबा यातला फरक हाच.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनावर उघडपणे बोलायचे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत त्याचं केंद्र काढलं. कॉलेजला हे पटलं नाही आणि १९२५ मध्ये प्राध्यापकी गेली. गप्प बसून पगार घेता आला असता. त्याऐवजी जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत, २६ वर्षं, पदरचे पैसे घालून चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. आणि घरात मालतीबाईंची साथ होती. रधों एकटे नव्हते, त्यांनाही माणसं लागलीच. पण त्यांनी खर्च असा ठेवला होता की कुणी ‘मासिक बंद कर, नाहीतर...’ म्हणालं तर त्या ‘नाहीतर’पुढे फारसं काही उरू नये. आपण व्यक्तिस्वातंत्र्यावर तावातावाने बोलतो तेव्हा असल्या माणसांनी भरलेलं बिल सोयीस्करपणे विसरतो.

एवढं सगळं म्हटल्यावर एक गोष्ट सांगितली नाही तर लेख अर्धवट राहील. आपल्या घरी येणाऱ्या मावशींचं काय? त्यांना ‘नाही’ म्हणता येतं का? आपल्याला वर्षाला ठरलेल्या भरपगारी रजा असतात, आजारी पडलो तर मेल टाकून मोकळे होतो. मावशींनी ताप आला म्हणून दोन दिवस सांगून सुट्टी घेतली तरी बऱ्याच घरांत पैसे कापतात, आणि कापणारे आपल्यासारखेच स्वातंत्र्यावर लेख वाचणारे असतात. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आठवड्याची भरपगारी सुट्टी द्यायला आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. ज्या माणसावर मी अवलंबून आहे त्याला माझ्याशी ‘नाही’ म्हणता येत असेल तरच तो व्यवहार दोन मोकळ्या माणसांमधला. नाहीतर माझं स्वावलंबन म्हणजे दुसऱ्याची अडचण स्वस्तात विकत घेणं.

असो. फार तत्त्वज्ञान झालं. मी स्वतःपुरती एक साधी यादी केली आहे, तीच देतो. सहा महिन्यांचा खर्च बँकेत, आणि तो आयफोनसाठी मोडायचा नाही. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायचा नाही, मग घर थोडं लांब असलं तरी चालेल. वरण, भात, पोळी, दोन भाज्या स्वतःला करता आल्या पाहिजेत, आणि आठवड्यातून दोनदा तरी केल्या पाहिजेत, नाहीतर हात विसरतो. भाड्याचा करार, ऑफर लेटर, विमा, सही करण्याआधी पूर्ण वाचायचं. नोटिस पिरियड नव्वद दिवसांचा आहे हे राजीनाम्याच्या दिवशी कळण्यात अर्थ नाही. मावशींना महिन्याला चार सुट्ट्या, न कापता, आणि वर आजारपणाची वेगळी.

यातलं काहीही रोमहर्षक नाही. पण उद्या कुणी येऊन म्हणालं, ‘जरा ॲडजस्ट कर ना’, तर उत्तर देताना पाय लटपटू नयेत एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. तुमच्या यादीत काय आहे?